दत्तावसर लेखक

गेल्या महिन्यांत एका वाचक भगिनीचें पत्र आलें. नांवगांव छापूं नये अशी त्यांची विनंती आहे व ती आम्ही अर्थातच पाळतों. घर एकत्र आहे. सासूसासरे, दीर-जाऊ, चार मुलें, शिवाय आल्यागेल्याचा राबता. कोणाचा जाच नाहीं, कोणाचा विरोधही नाहीं. भगिनींस कथा लिहिण्याची हौस लग्नापूर्वींपासून आहे व दोन-तीन कथा छापूनही आल्या आहेत. "सगळें आटोपल्यावर खुशाल लिही," असें घरचीं माणसें प्रेमानेंच सांगतात, परंतु त्या लिहितात कीं, "आमच्या घरांत सगळें असें कधीं आटोपतच नाहीं." त्यांचे प्रश्न दोन. मुलें मोठीं होईपर्यंत लेखन बाजूस ठेवावें काय? आणि न ठेवावें, तर एवढ्याशा वेळांत तें सुधारावें कसें?

प्रश्न साधा दिसतो. आमच्यापुरता मात्र तो साधा नाहीं. कां नाहीं, तें पुढें ओघानें येईलच.

अडचण पडली कीं आमचा हात जुन्या ग्रंथाकडे जातो, ही आमची खोड नित्याच्या वाचकांस ठाऊक आहे. राजशेखर हा इसवी सनाच्या नवव्या-दहाव्या शतकांच्या संधीवरचा कवि. कनोजच्या प्रतीहार राजांचा त्यास आश्रय होता. परंतु आपलें यायावर घराणें महाराष्ट्रांतलें, याचा त्यास मोठा अभिमान असे. त्याचा 'काव्यमीमांसा' हा ग्रंथ १९१६ सालीं बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत पहिलें पुष्प म्हणून छापला गेला. अलंकारशास्त्राचे इतर ग्रंथ काव्य कसें असावें तें सांगतात. हा ग्रंथ त्याखेरीज कवीनें दिवस कसा घालवावा तेंही सांगतो. दिवसाचे चार प्रहर पाडून पहिल्यांत अभ्यास, दुसऱ्यांत रचना, भोजनोत्तर तिसऱ्यांत रसिकांशीं चर्चा, आणि चौथ्यांत सकाळच्या रचनेची परीक्षा, असा त्यानें नेम घालून दिला आहे. असा दिवस राजाश्रय असलेल्यासच मिळावयाचा, हें उघड आहे. ज्यास सकाळीं मुलांचे डबे भरावयाचे आहेत किंवा साडेनवाची गाडी गांठावयाची आहे, त्यानें हा नेम वाचून केवळ सुस्कारा टाकावा!

परंतु राजशेखर येथेंच थांबत नाहीं. काळाच्या दृष्टीनें त्यानें कवींचे चार प्रकार केले आहेत. एक असूर्यंपश्य, म्हणजे गुहेंत किंवा तळघरांत बसून सर्वकाळ रचना करणारा. दुसरा निषण्ण, म्हणजे मनाची लहर लागेल तेव्हां बसणारा. चौथा प्रायोजनिक, म्हणजे प्रसंग आला कीं त्यापुरता लिहिणारा. आणि तिसरा, जो आमच्या भगिनींचा व आमचाही प्रकार आहे, तो दत्तावसर. चाकरी वगैरे कर्तव्यांस बाध येऊं न देतां, मिळालेल्या अवकाशांत रचना करणारा. या तिसऱ्यासाठीं त्यानें वेळाही सुचविल्या आहेत. रात्रीच्या चौथ्या प्रहराचा उत्तरार्ध, ज्यास तो सारस्वत मुहूर्त म्हणतो. पोटभर जेवणानंतरचा स्वस्थपणा. आणि पालखींतून प्रवास चालला असतां. पालख्या गेल्या, परंतु आमची सूनबाई रोज पोफळीहून चिपळूणास नोकरीसाठीं एस. टी. नें जाते, आणि गाडींत बसावयास जागा मिळाली तर मोबाइलवर चार ओळी टिपते. हजारएक वर्षांपूर्वींच्या माणसानें तिची सोय आधींच पाहून ठेविली होती, असें म्हणावयास हरकत नाहीं.

स्त्रियाही पुरुषांप्रमाणेंच कवि होऊं शकतात, कारण संस्कार आत्म्यावर असतो व तो स्त्री-पुरुष हा भेद पाहत नाहीं, असेंही त्यानें स्वच्छ लिहून ठेविलें आहे. त्याची पत्नी अवंतिसुंदरी ही विदुषी होती. तिचीं मतें त्यानें आपल्या ग्रंथांत तिच्या नांवानिशीं नमूद केलीं आहेत.

दत्तावसर हा शब्द आम्हीं अनेक वर्षें वर्गांत सोडवून दाखविला. ज्यास अवसर दिला गेला आहे तो. परंतु दिला गेला म्हणजे कोणी तरी दिला असला पाहिजे, हें मात्र आमच्या लक्षांत फार उशिरा आलें.

मराठी कथा-कादंबरीचा इतिहास पाहिला तर बहुतेक मंडळी दत्तावसरच दिसतील. हरि नारायण आपटे यांनीं १८९० सालीं 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलें आणि त्यांतच 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी क्रमशः लिहिली. इकडे आनंदाश्रमाची व्यवस्था, तिकडे पुणें नगरपालिकेचें काम, आणि दर आठवड्यास छापखान्यास मजकूर हवाच. वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत शिरोड्याच्या शाळेंत मास्तरकी करीत होते. 'उल्का' ही त्यांची कादंबरी १९३४ ची, म्हणजे शाळेच्या घंटेबरोबर चाललेल्या आयुष्यांतली. आमच्याच जिल्ह्यांतल्या दापोली तालुक्यांत मुर्डीस जन्मलेले श्री. ना. पेंडसे मुंबईस बेस्टच्या नोकरींत होते. ती नोकरी करूनच त्यांनीं कोंकणची माणसें कागदावर आणलीं. त्यांच्या १९६२ च्या 'रथचक्र' कादंबरीस १९६३ सालीं साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

हे सारे पुरुष होत, आणि नोकरी संभाळून लिहिणाऱ्या पुरुषास घरांत सहसा जेवणाचें ताट आयतें मिळतें. विलायतेंतला ट्रॉलप हा टपालखात्यांतला अधिकारी. तो पहाटे साडेपांचास मेजाशीं बसे, घड्याळ पुढें ठेवून दर पाव तासास अडीचशें शब्द या हिशेबानें लिही, आणि मग कचेरीस जाई. अशा रीतीनें त्यानें चाळीसांहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. त्याची ही शिस्त आम्ही मुलांस कौतुकानें सांगत असूं. परंतु त्याच्या मृत्यूनंतर १८८३ त प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रांत आणखी एक नोंद आहे, ती आम्ही सांगत नसूं. त्यास पहाटे उठविण्याचें व कॉफी आणून देण्याचें काम एका म्हाताऱ्या मोतद्दाराकडे होतें. त्याबद्दल त्यास वर्षाला पांच पौंड जास्त मिळत. इतक्या वर्षांत तो एकदांही चुकला नाहीं, आणि आपल्या यशाचें ऋण इतर कोणाहीपेक्षां या माणसाचेंच अधिक असावें, असें ट्रॉलपनें मोकळेपणानें कबूल केलें आहे.

आतां आमचें. जुन्या अकरावीची परीक्षा देऊन आम्ही मास्तरकी पतकरली, तेव्हांपासून गोष्टी लिहिण्याचा नाद. पहाटे साडेचारास उठून दोन तास लिहावें, हा आमचा अनेक वर्षांचा परिपाठ होता व त्याची आम्हांस थोडी घमेंडही होती. कोणी विचारलें म्हणजे "शिस्त पाहिजे!" असें आम्ही सांगत असूं. साडेचारास मेजावर चहा असे. तो करण्यासाठीं सौ. चारास उठत असे, हें आम्हांस माहीत नव्हतें असें नाहीं. तें आमच्या हिशेबांत नव्हतें, इतकेंच.

सौ. गोष्ट फार सुरेख सांगे. पावसाळ्यांत दिवे गेले म्हणजे (पोफळीस वीज तयार होते खरी, पण वादळांत दिवे आमचेही जातात) घरचीं व शेजारचीं मुलें ओटीवर तिच्याभोवतीं जमत. सुमारें तीस वर्षांपूर्वीं एकदां शाळेच्या उरलेल्या वहींत तिनें एक गोष्ट लिहावयास घेतली. चार पानें झाल्यावर ती वही तिनें आमच्यापुढें ठेविली व म्हणाली, "वेळ झाला म्हणजे पाहा." आम्हीं त्याच रात्रीं पाहिली. हातांत पेपर तपासण्याची तांबडी पेन्सिल होती, तीच चालविली. ऱ्हस्व-दीर्घाच्या एकेचाळीस चुका निघाल्या. शेवटीं तो आंकडा लिहून त्याभोवतीं वर्तुळ काढलें व वही परत केली. ती "बरं" म्हणाली. पुढें त्याविषयीं घरांत शब्द निघाला नाहीं, आणि आम्हांसही त्याचें कांहीं वाटलें नाहीं.

तीन वर्षांपूर्वीं माळा साफ करतांना ती वही हातीं लागली. पहिलीं चार पानें गोष्टीचीं, पांचव्यापासून दुधाचा हिशेब. माळ्यावरच बसून आम्हीं तीं चार पानें वाचलीं. एक मुलगी माहेराहून सासरीं परत निघाली आहे. घाटाच्या पायथ्याशीं वाशिष्ठीस पूर आहे, साकव वाहून गेला आहे, आणि पलीकडच्या कांठावर नवरा छत्री घेऊन उभा आहे. तो हातवारे करून कांहीं सांगतो. पाण्याच्या आवाजांत तें तिला कळत नाहीं. आणि कळत नाहीं याचें तिला मनांतून बरें वाटतें. येथें गोष्ट थांबली आहे. आमच्या साऱ्या छापील गोष्टींत इतकें खरें असें एक ठिकाण नाहीं. ज्या ओळींत तें आहे त्या ओळींत आम्हीं तीन तांबड्या खुणा केल्या होत्या.

खालीं येऊन आम्ही म्हटलें, "ही पुरी कर." तिनें वही चाळली, दुधाचा त्या वेळचा भाव पाहून हंसली, आणि म्हणाली, "ती मुलगी पुढें काय करते तें तेव्हां मला ठाऊक होतें. आतां नाहीं ठाऊक."

म्हणून भगिनींच्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर आम्ही शास्त्राच्या नव्हे, त्या वहीच्या आधारें देतों. थांबूं नये. तान्हें मूल असेल, घरांत दुखणें असेल, तर महिना-दोन महिने लेखणी खालीं राहील. त्याचें वाईट वाटून घेऊं नये. परंतु "मुलें मोठीं झालीं म्हणजे" असा करार करूं नये. मुलें मोठीं होतात, तशी लिहिणारीही बदलते. आणि जी गोष्ट तिला पंचविशींत ठाऊक असते ती पंचावन्नाव्या वर्षीं तिची वाट पाहत बसलेली नसते.

थांबल्या नाहींत अशा बायका आपल्याकडे झाल्याच आहेत. काशीबाई कानिटकर (१८६१–१९४८) लग्न होऊन आल्या तेव्हां त्यांस अक्षरओळख नव्हती. घरच्यांचे टोमणे सोसून त्या वाचावयास शिकल्या आणि पुढें 'रंगराव' कादंबरी व डॉ. आनंदीबाई जोशी यांचें चरित्र लिहून गेल्या. बंगालांतल्या आशापूर्णा देवी (१९०९–१९९५) यांनीं शाळेचें तोंड पाहिलें नाहीं. घरसंसाराचीं सर्व कामें करून त्यांनीं शेंकडों कथा व कादंबऱ्या लिहिल्या, आणि १९६४ च्या 'प्रथम प्रतिश्रुति' कादंबरीसाठीं १९७६ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांस मिळाला. इंग्लंडांत जेन ऑस्टेन घरच्या बैठकीच्या खोलींतच लहान कागदांवर लिही; घरांतलें एक दार करकरत असे, आणि कोणी येत असल्याची सूचना मिळावी म्हणून तिनें तें दुरुस्त करूं दिलें नाहीं, असें तिच्या पुतण्यानें सांगितलें आहे.

आतां दुसरा प्रश्न. थोडक्या वेळांत लेखन सुधारावें कसें, याविषयीं आमच्या चुकांतून व वाचनांतून जें हातीं लागलें, तें क्रमानें देतों.

पहिली गोष्ट वेळापत्रकाची. शाळेचा तास असतो तसा आठवड्यांतून तीन वेळां अर्ध्या तासाचा तास धरावा आणि तो घरांत सर्वांस सांगून धरावा. चोरून मिळविलेल्या वेळांत कान दाराकडे राहतात. अर्ध्या तासांत दीडशें शब्द सहज होतात. आठवड्याचे साडेचारशें, सहा आठवड्यांत मासिकांतल्या एका कथेइतका मजकूर तयार होतो. तेवढाच वेळ तो तपासण्यास दिला तरी वर्षाकांठीं चार कथा होतील. एखादी बैठक चुकली तर दुसऱ्या दिवशीं दुप्पट लिहावयास बसूं नये. बुडालेला तास बुडाला.

दुसरी गोष्ट सांठ्याची. आमच्या गांवीं येणाऱ्यास आम्ही नेहमीं एक गोष्ट सांगतों. कोयनेचें पाणी सह्याद्रीच्या पलीकडे शिवसागरांत सांठतें. डोंगर पोखरून काढलेल्या बोगद्यांतून तें इकडे येतें, साडेचारशें मीटरांहून अधिक खालीं कोसळतें आणि पोटांतल्या वीजघराचीं चक्रें फिरवितें. १९६२ पासून हें चालू आहे. जलविद्युताची मोठी सोय अशी कीं, मागणी वाढली कीं चक्रें थोड्याच वेळांत सुरू करितां येतात. मात्र पाणी वर सांठलेलें असलें पाहिजे. तेंच पाणी पुढें कोळकेवाडीच्या धरणांत अडवून पुन्हां विजेसाठीं वापरतात. अर्ध्या तासाच्या लेखकाचें असेंच आहे. मेजाशीं बसून विचार करूं लागलें तर अर्धा तास विचारांतच जातो. भाजी निवडतांना, कपडे वाळत घालतांना, गाडींत उभें असतां पुढचें पहिलें वाक्य मनांत तयार करावें आणि तें घेऊनच बसावें. उठतांना मजकूर अगदीं संपवून उठूं नये. पुढें काय येणार हें ठाऊक असतांनाच उठावें, म्हणजे दुसऱ्या दिवशीं सुरुवातीस अडखळावें लागत नाहीं.

तिसरी गोष्ट अभ्यासाची. कथेच्या तंत्रावर पुस्तकें आहेत, ना. सी. फडके यांचें 'प्रतिभासाधन' १९३१ पासून अनेक नव्या लेखकांनीं वाचलें. तीं जरूर वाचावींत. परंतु त्यांत न मिळणारी एक गोष्ट एकत्र कुटुंबांत फुकट मिळते, ती म्हणजे तीन पिढ्यांचें बोलणें. आजीची म्हण, सासूबाईंचा अर्धा राहिलेला टोला, जाऊबाईंचें माहेरचें हेल काढून बोलणें, मुलांची शाळेंतली भाषा. हें ज्या दिवशीं ऐकूं येईल त्या दिवशींच वहींत टिपावें. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रें' या पुस्तकाची गोडी आहे ती बोललेल्या मराठीचीच. मग एक धडा करून पाहावा. घरांत घडलेला एखादा क्षुल्लक प्रसंग घ्यावा. पाहुणे यावयाच्या दिवशींच दूध नासलें, असा. तो एका पानांत सुनेच्या तोंडून लिहावा, आणि दुसऱ्या दिवशीं दुसऱ्या पानांत सासूच्या तोंडून. दोन्ही पानांत बोलणारीचेंच खरें वाटलें पाहिजे. दुसरें पान लिहितां येईना तर समजावें कीं आपण अजून कथा लिहीत नसून गाऱ्हाणें लिहीत आहों. हरिभाऊ आपट्यांनीं पुरुष असून यमूची कहाणी तिच्याच तोंडून सांगितली, ती याच शक्तीच्या बळावर.

चौथी गोष्ट तपासणीची. राजशेखर म्हणतो कीं, रसाच्या भरांत असतांना दृष्टि विवेक करीत नाहीं. म्हणून सकाळचें लिहिलेलें चौथ्या प्रहरीं पाहावें, एकट्यानें अथवा मोजक्या माणसांसह. आम्ही म्हणतों, आठवडाभर ठेवून पाहावें व मोठ्यानें वाचून पाहावें. जेथें जीभ अडते तेथें वाक्य बिघडलेलें असतें. पहिला परिच्छेद झांकून कथा वाचून पाहावी. पुष्कळदां ती दुसऱ्यापासूनच सुरू होते आणि पहिल्यांत नुसता सूर्योदय असतो. शुद्धलेखन सर्वांत शेवटीं. तें आवश्यकच आहे, तें सोडावें असें आम्ही मास्तर असून कसें म्हणूं? परंतु घर बांधून होण्यापूर्वीं रंग काढूं नये, आणि दुसऱ्याच्या घरास तर बोलावल्यावांचून कुंचला लावूं नये.

पांचवी गोष्ट घरच्या मर्यादेची. कथेचें बी घरांतूनच येणार, परंतु घरचें माणूस जसेंच्या तसें कथेंत घातलें तर तें दुखावतें, आणि कथाही बातमीसारखी होते. दोन माणसांचें एक करावें, गांव बदलावें, व्यवसाय बदलावा, पुरुषाची स्त्री करावी. इतकें करूनही जें सत्य उरेल तेंच कथेचें. ज्याच्या दुःखावर कथा उभी आहे असें माणूस तरीही ओळखूं येत असेल, तर छापण्यापूर्वीं त्यास वाचावयास द्यावी, आणि तें नको म्हणालें तर ठेवून द्यावी. एका कथेसाठीं जेवणाच्या पंगतींत अबोला पत्करूं नये.

सहावी गोष्ट शेवटाची. पुन्हां संपवीन, पुन्हां सुधारीन, मित्रांस विचारीन, अशा घालमेलीनें ग्रंथ नष्ट होतात, असें राजशेखरानें बजावलें आहे, आणि नाशाच्या कारणांत त्यानें अग्नि व पाणीही मोजलें आहे. म्हणून तयार झालेल्या ग्रंथाच्या अनेक प्रती कराव्या, असें तो सांगतो. आम्हां चिपळूणकडच्या लोकांस हें निराळें सांगावें लागत नाहीं. २६ जुलै २००५ ला आणि पुन्हां २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचें पाणी शहरांत शिरलें. १८६४ सालीं स्थापन झालेलें, आणि २०१३ चें मराठी साहित्य संमेलन ज्यानें भरविलें, तें लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरही त्यांतून सुटलें नाहीं. वहींतली कथा मोबाइलवर छायाचित्र काढून दोन ठिकाणीं पाठवून ठेवण्यास आतां क्षणभर लागतो. तें करावें. आणि संपविलेली सामान्य कथा ही अर्धवट राहिलेल्या उत्तम कथेपेक्षां अधिक शिकविते, हें ध्यानांत ठेवून कसाही का होईना, शेवट लिहावा.

हें सारें लिहिणारीसाठीं झालें. परंतु दत्तावसर या शब्दांतला 'दत्त' घरच्यांकडे आहे, आणि हा अंक घरोघर सगळेच वाचतात, म्हणून चार शब्द त्यांच्यासाठीं. "आटोपल्यावर लिही" हें वाक्य अवसर देत नाहीं. कारण घरकाम हें नदीसारखें आहे, तें आटोपत नसतें. अवसर द्यावयाचा तर काम उचलावें लागतें. आमच्या घरीं गेलीं तीन वर्षें सोमवार, बुधवार व शुक्रवार रात्रीं साडेआठास सूनबाई माळ्याखालच्या खोलींत जाते आणि जेवणाचीं भांडीं आम्ही व चिरंजीव घासतों. पहिल्या आठवड्यांत दोन कपबशा फुटल्या. सौ. नें त्या मुकाट्यानें केरांत टाकल्या. तेवढ्या अर्ध्या तासांत नातवंडांनीं दार वाजवावयाचें नाहीं, असा नियम आहे. तो निम्म्या वेळां पाळला जातो, आणि निम्म्या वेळां पाळला गेला तरी पुष्कळ झालें.

शनिवारीं रात्रीं सूनबाई ओटीवर वाचून दाखविते. प्रथम सौ. बोलते. तिला विचारलेले प्रश्न असतात तेही साधे: कोठें कंटाळा आला, कोणाचा राग आला, पुढें काय होईलसें वाटलें. मागच्या शनिवारीं कथेंतली म्हातारी देवासमोर रडते असा प्रसंग होता. सौ. म्हणाली, "ती रडणार नाहीं ग. ती वाती वळत बसेल." सूनबाईनें तें तेथल्या तेथें लिहून घेतलें. आमची पाळी शेवटीं असते, आणि पेन्सिल आंत ठेवून यावें लागतें.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींनीं हा लेख सासूबाईंस वाचावयास द्यावा, आणि आठवड्यांतले तीन अर्धे तास कोणते, तें सर्वांसमक्ष ठरवून घ्यावें. दूध नासल्याचीं दोन्ही पानें झालीं म्हणजे आम्हांस पाठवावीं. आम्ही तीं प्रथम सौ. स वाचावयास देऊं.